मागील बाकी

चित्रप्रदर्शनाच्या दाराशी जी पुस्तिका हाती देतात, तिचे शेवटचे पान मला नेहमी विचारात पाडते. जन्म अमुक साली, अमुक गावी. शिक्षण अमुक कलाशाळेत. मग प्रदर्शने: मुंबई, दिल्ली, लंडन, पॅरिस, न्यूयॉर्क. एकट्याची किती, इतरांबरोबरची किती. मग शिष्यवृत्त्या, परदेशगमन, पारितोषिके. एका माणसाचे सारे आयुष्य पानभर मजकुरात बसवलेले असते, आणि तो वाचताना असे वाटते की हा माणूस सतत निघतोच आहे. एका गावाहून दुसऱ्या गावी, एका शैलीतून दुसऱ्या शैलीत. दर चार ओळींनी नवा आरंभ.

या पानावर काही गोष्टी नसतात. तो पहिल्यांदा घरून निघाला तेव्हा उंबऱ्यात कोण उभे होते, ते नसते. पहिली रंगपेटी कोणी घेऊन दिली, तो परमुलखी असताना घरभाडे कोणी भरले, म्हाताऱ्या आईचे औषधपाणी कोणी पाहिले, याचा उल्लेख नसतो. तसा तो असावा अशी कोणाची अपेक्षाही नसते. तरी एक प्रश्न मनात राहतो. सगळे मागे ठेवून नव्याने आरंभ करण्याचा हक्क माणसाला असतो का? असेल तर कोणत्या अटीवर? आणि हातून मोठे काम झाले म्हणजे मागची देणी आपोआप फिटतात का?

कोणी म्हणेल, या चौकशा हव्यात कशाला? ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये, तसे चित्रकाराचे घर शोधू नये. चित्र पाहावे आणि मुकाट्याने घरी जावे. चित्रापुरते हे मला मान्य आहे. वाईट वागणाऱ्याचे चित्र वाईट असते असे नाही, आणि सज्जनाच्या हातून सुमार चित्रे पुष्कळ उतरतात. पण कलावंताचे चरित्र आपण नुसते वाचीत नाही. तरुण मुले तो कित्ता म्हणून गिरवतात. मी शाळामास्तर आहे. रेखाकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांना बसणाऱ्या मुलांत दर दोन-तीन वर्षांनी एखादा असा निघतो की ज्याच्या हातात खरोखर काही आहे. त्याला मुंबईला जायचे असते. त्याच्या घरी मात्र तो हाताशी हवा असतो. तो विचारतो, "सर, जाऊ का?" या प्रश्नाला उत्तर देण्याआधी ते शेवटचे पान नीट वाचता आले पाहिजे.

आणि हा प्रश्न तिसगावात बसून विचारण्यालाही कारण आहे. कलेची दालने आमच्यापासून दूर असली, तरी प्रवास आणि नवे आरंभ दूर नाहीत. आमचा पाथर्डी तालुका अवर्षणाचा. दसरा सरला, दिवाळीचे दिवे लागले न लागले, की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. ट्रकमध्ये नाहीतर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, गोधड्या, कोंबड्या, शेळी आणि पोरे. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. या कोयत्याने मुकादमाकडून आधीच पैसे घेतलेले असतात, त्याला आमच्याकडे उचल म्हणतात. पाच-सहा महिने ऊस तोडून ती फेडायची. कारखान्याच्या तळावर कोपी उभी राहते, तीन दगडांची चूल मांडली जाते, आणि दरसालचा नवा संसार सुरू होतो. अमुक साली सांगली, अमुक साली कोल्हापूर, अमुक साली कर्नाटकातला कारखाना, असे पान यांच्याही आयुष्याचे छापता येईल. ते कोणी छापीत नाही. शाळेच्या हजेरीपटावरच्या गैरहजेरीच्या खुणा एवढाच त्या प्रवासाचा लेखी पुरावा.

चित्रकाराच्या निघण्याला आपण साहस म्हणतो आणि कोयत्याच्या निघण्याला स्थलांतर. एक आवडीने निघतो, दुसरा पोटासाठी निघतो, हा भेद उघड आहे. पण मला दुसराच भेद अधिक महत्त्वाचा वाटतो. कोयत्याला आपल्या अंगावर उचल आहे हे पक्के ठाऊक असते. किती घेतली, किती फिटली, किती पुढच्या हंगामावर गेली, हे त्याला झोपेत विचारले तरी सांगता येईल. मुकादमाच्या उचलीने माणूस बांधला जातो, तिच्यात अन्याय पुष्कळ आहे आणि तिचे कौतुक करण्याचा माझा हेतू नाही. मी तिच्यापासून फक्त शब्द उसना घेतो. कलावंतानेही उचल घेतलेली असते. ती कोणत्या वहीत लिहिलेली नसते, म्हणून ती नव्हतीच असे समजणे त्याला सोपे जाते.

आता आपल्या चित्रकलेतले सर्वांत गाजलेले आरंभ पाहू. 1947 साली मुंबईत सहा तरुणांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापला. फ्रान्सिस न्यूटन सूझा गोव्यातल्या साळगावचे. मकबूल फिदा हुसेन यांचा जन्म पंढरपूरचा; मुंबईत त्यांनी सिनेमाचे फलक रंगवून पोट भरले होते. हरी अंबादास गाडे वऱ्हाडातले, सदानंद बाकरे मूर्तिकार, सय्यद हैदर रझा मध्य प्रदेशातल्या जंगलभागातून नागपूरच्या कलाशाळेमार्गे मुंबईस आलेले. आणि कृष्णाजी हौळाजी आरा हैदराबादजवळच्या बोलारमचे. हे सहाजण एकत्र आले तेव्हा देश नुकताच स्वतंत्र झाला होता आणि आपलीही चित्रकला नव्याने सुरू व्हावी असे त्यांना वाटत होते. पण थोड्याच वर्षांत ते पांगले. सूझा 1949 साली लंडनला गेले आणि 1967 नंतर न्यूयॉर्कला. रझा 1950 साली पॅरिसला गेले. बाकरे 1951 साली इंग्लंडला गेले. हुसेन बरीच वर्षे मुंबई-दिल्लीत राहिले. मात्र 2006 नंतर त्यांना देशाबाहेरच राहावे लागले, 2010 साली त्यांनी कतारचे नागरिकत्व घेतले, आणि 2011 साली लंडनमध्ये त्यांचा अंत झाला. पंढरपूर ते लंडन हे अंतर शेवटच्या पानावर दोन ओळींत मावते.

या सहाजणांपैकी कोणीही शून्यातून आरंभ केला नाही. सूझा तान्हे असतानाच त्यांचे वडील वारले. आईने शिवणकाम करून मुलाला वाढवले. मुलाला देवी आल्या तेव्हा तिने सेंट फ्रान्सिस झेवियरला नवस केला, त्यावरून त्यांचे नाव फ्रान्सिस. पुढे या मुलाने धर्मपीठावर, समाजावर, शालीनतेच्या सगळ्या कल्पनांवर आपल्या कुंचल्याने जे आसूड ओढले, ते साऱ्या जगाने पाहिले. त्या हातामागे एका विधवेच्या शिवणयंत्राचा आवाज आहे. आरांची गोष्ट तर याहून बोलकी आहे. लहानपणीच घरातून पळून ते मुंबईत आले. मोटारी धुतल्या, घरगड्याचे काम केले. रंगाचे वेड त्या गडीकामातही सुटले नाही. त्यांच्या चित्रांवर ज्यांची नजर गेली, त्यांत रुडी फॉन लायडन हे टीकाकार होते. लायडन जर्मन, टाइम्स ऑफ इंडियाचे कलासंचालक वॉल्टर लँगहॅमर ऑस्ट्रियाचे, आणि चित्रे विकत घेऊन या तरुणांना धीर देणारे इमॅन्युएल श्लेसिंजरही तिकडचेच. हिटलरच्या राजवटीने यांना आपापल्या देशांतून उखडून टाकले होते. ज्यांना स्वतःला बळजबरीने नवा आरंभ करावा लागला, त्यांनी मुंबईच्या सहा पोरांना आरंभासाठी हात दिला. युरोपात पेटलेल्या वणव्याची ठिणगी इथे दिवा लावून गेली, हा इतिहासातला विलक्षण योग आहे. आणि उचल कोठून कोठे जाते याचा हिशेब किती अवघड आहे, हेही त्यातून कळते.

म्हणजे उचल सर्वांच्याच अंगावर असते. मग तिचे काय करायचे? याला एक उत्तर युरोपातल्या एका प्रसिद्ध चित्रकाराच्या आयुष्याने दिलेले आहे. पॉल गोगँ हा पॅरिसमधला शेअरदलाल. पत्नी मेट, पाच मुले. चित्रकलेसाठी त्याने धंदा सोडला, पुढे कुटुंब डेन्मार्कमध्ये सोडले, आणि 1891 साली तो ताहिती बेटावर गेला. तिथे त्याने जी चित्रे काढली त्यांनी चित्रकलेची वाट बदलली. मेटने मुले वाढवली. बर्नार्ड विल्यम्स या इंग्रज तत्त्वज्ञाने 1976 साली एका निबंधात याच धर्तीचे उदाहरण घेऊन असे मांडले की, अशा माणसाचे निघणे समर्थनीय होते की नाही हे निघताना कोणालाच सांगता येत नाही. काम साधले तरच मागे वळून पाहताना काही समर्थन उरते, आणि काम फसले तर तो नुसता बायकापोरांना टाकून गेलेला माणूस ठरतो. त्या समर्थनानेही ज्यांना दुखावले त्यांची तक्रार मिटते असे मात्र विल्यम्स म्हणत नाहीत.

हा विचार प्रामाणिक आहे. पण त्याचा एक अर्धाच भाग लोकांच्या तोंडी रुळला आहे. यश आले की सगळे माफ, असा तो भाग. यशाने गोगँची चित्रे थोर ठरली, हे खरे. मेटच्या चुलीत त्याने लाकूड आले नाही. आईवडिलांत पडलेले अंतर पाहत वाढलेली त्याची मुलगी अॅलीन 1897 साली, विशी गाठते न गाठते तोच वारली. थोर चित्र हे एका खात्यात जमा होते आणि देणे दुसऱ्या खात्यात असते. या खात्याचा पैसा त्या खात्यात परस्पर वळवता येत नाही, ही साधी गोष्ट कोणताही वाणी सांगेल. ताहितीतल्या त्याच्या वागणुकीचेही आज कठोर परीक्षण होते, आणि ते व्हावे हे योग्यच आहे.

आपल्याकडे हा प्रश्न फार जुना आहे. सगळ्यांत मोठा नवा आरंभ म्हणजे संन्यास. नाव बदलायचे, वस्त्र बदलायचे, मागचे गोत्र आणि नातीगोती सगळे संपले असे मानायचे. पण या आरंभालाही आपल्या परंपरेने अट घातली होती. आपेगावच्या विठ्ठलपंतांची कथा महाराष्ट्रातल्या घराघरांत ठाऊक आहे. आळंदीला रुक्मिणीबाईंना ठेवून ते काशीला गेले आणि त्यांनी संन्यास घेतला. पुढे त्यांचे गुरू यात्रेच्या वाटेवर आळंदीस आले असता एका स्त्रीने नमस्कार केला, तिला त्यांनी पुत्रवती होण्याचा आशीर्वाद दिला, आणि आपल्याच शिष्याची ही पत्नी आहे असे कळताच त्यांनी विठ्ठलपंतांना परत संसारात पाठवले. या कथेत मला गुरूंचे वागणे फार मोलाचे वाटते. शिष्याचे वैराग्य खरे की खोटे, याची चर्चा त्यांनी केली नाही. मागे कोण आहे आणि तिची संमती होती का, एवढेच त्यांनी पाहिले. वैराग्य कितीही अस्सल असले, तरी दुसऱ्याच्या जिवावर काढलेले वैराग्य त्यांना चालले नाही.

कथेचा पुढचा भाग असा की, समाजाने त्या परत येण्याचीही शिक्षा केली, आणि ती मुलांना भोगावी लागली. संन्याशाची पोरे म्हणून हिणवलेल्या त्याच मुलांतल्या एकाने आमच्या जिल्ह्यातल्या नेवाशाला, शके 1212 मध्ये म्हणजे इ. स. 1290 साली, ज्ञानेश्वरी सांगितली. म्हणून काय विठ्ठलपंतांचे निघून जाणे योग्य ठरले? असे कोणी म्हणत नाही. ग्रंथ थोर आहेच. रुक्मिणीबाईंनी एकटीने काढलेल्या वर्षांचे दुःख त्यामुळे कमी होत नाही. दोन्ही गोष्टी आपण सातशे वर्षे शेजारी शेजारी ठेवून आहोत, एकीने दुसरी पुसलेली नाही. इथे मला आपल्या लोकांचे शहाणपण दिसते.

रुक्मिणीबाईंचे नाव आले म्हणून आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. निघण्याचा हक्क आजवर बहुधा पुरुषानेच वापरला. बाईने घर सोडून चित्रकलेसाठी निघावे, तर तिला साहसी म्हणणारे थोडे आणि इतर शब्द वापरणारे फार. तरी काहीजणी निघाल्या. बी. प्रभा यांचा जन्म 1933 सालचा, नागपूरजवळच्या बेला गावचा. नागपूरला थोडे शिकून त्या मुंबईला जे. जे. कलाशाळेत आल्या. त्यांचे पती बी. विठ्ठल शिल्पकार. त्यांच्या चित्रांत लांबसडक बांध्याच्या, डोळ्यांत कसलीशी वाट पाहण्याचा भाव असलेल्या कोळणी आणि खेड्यातल्या बायका आहेत. 2001 साली त्या वारल्या, तोवर त्यांची पुष्कळ प्रदर्शने झाली होती. दोघांनीही कलेत उतरायचे आणि संसारही मिळून ओढायचा, असा तो मार्ग होता. आमच्याकडच्या भाषेत सांगायचे तर दोघांनी मिळून एक कोयता धरला. चित्रात मात्र त्यांनी पुन्हा पुन्हा मागे राहिलेलीच बाई रंगवली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

सगळ्यांत अवघड उदाहरण वासुदेव गायतोंडे यांचे. 1924 साली नागपुरात जन्म, घराणे मूळ गोव्याचे, बालपण गिरगावातल्या चाळीत. 1948 साली जे. जे. ची पदविका. मुलाने चित्रकार व्हावे हे वडिलांना पसंत नव्हते. पुढे घराशी त्यांच्या गाठीभेटी विरळ होत गेल्या आणि संपल्या. 1964 साली ते शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला जाऊन आले, 1972 साली मुंबई सोडून दिल्लीला गेले, आणि एका लहानशा जागेत राहू लागले. वर्षाकाठी मोजकीच चित्रे. 1984 च्या अपघातानंतर कित्येक वर्षे मोठा कॅनव्हास हाती धरता आला नाही. नंतर ते पुन्हा चित्राकडे वळले. प्रदर्शनांची त्यांना ओढ नव्हती, माणसांची त्याहून कमी. 2001 साली ते वारले. 2013 साली मुंबईच्या लिलावात त्यांचे एक चित्र 23 कोटींवर गेले, आणि 2014 साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांच्या आयुष्यभराच्या चित्रांचे प्रदर्शन मांडले.

गायतोंड्यांना गोगँच्या शेजारी बसवणे अन्यायाचे होईल. त्यांनी बायकामुलांना टाकले नाही. त्यांनी संसार मांडलाच नाही. स्वतः भोगले ते एकांतात भोगले. त्यांच्या त्या शांत, धुक्यातून उजेड पाझरावा तशा चित्रांसमोर उभे राहिले की बोलणे थांबते. एवढे काम एवढ्या एकाग्रतेवाचून झाले नसते, हे मी मानतो. तरी घराच्या ज्या माणसांना आपला माणूस पुन्हा भेटला नाही, त्यांच्या बाजूचे पान कोरेच राहते. लिलावात रकमेवर रक्कम चढत गेली, तरी न झालेल्या भेटी त्यात धरता येत नाहीत. हा न्यायनिवाडा मी करू शकत नाही आणि करणारही नाही. माझ्यापुढे उभ्या असलेल्या मुलाला मात्र मी असे सांगणार नाही की, माणसे तोडल्याशिवाय चित्र होत नाही. गायतोंडे एक होते. माणसे तोडून चित्रही न झालेले पुष्कळ असतील. त्यांची पुस्तिका निघत नाही म्हणून ते आपल्याला ठाऊक नसतात.

आता रझांकडे येतो, कारण त्यांच्या आयुष्यात मला माझ्या धंद्यातला एक माणूस भेटतो. रझांचे वडील जंगलखात्यात होते. मंडला भागातल्या ककैया गावच्या शाळेत हा मुलगा चंचल, चित्त एका जागी नाही. नंदलाल झारिया नावाच्या मास्तरांनी एके दिवशी भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याला सांगितले, याच्याकडे बघत बस. मास्तर तेवढे करून आपल्या कामाला लागले असतील. मुलगा मोठा झाला. नागपूर झाले, मुंबई झाली, 1950 साली तो फ्रान्सला गेला. फाळणीत त्याची भावंडे पाकिस्तानात गेली होती. 1956 साली पॅरिसच्या टीकाकारांचे पारितोषिक त्याला मिळाले, 1959 साली जानीन मोंजिला या फ्रेंच चित्रकर्तीशी त्याचा विवाह झाला. नाव झाले, पैसा झाला, निसर्गचित्रे जगभर गेली. आणि पन्नाशी उलटल्यावर आपल्या चित्रांत आपले स्वतःचे काय आहे, या प्रश्नाने त्याला घेरले. तेव्हा आठवला तो भिंतीवरचा ठिपका. रझांचा तो प्रसिद्ध बिंदू. पुढची तीस-पस्तीस वर्षे त्यांनी त्याच बिंदूभोवती चित्रे रचली. त्यांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा नवा आरंभ त्यांना पॅरिसच्या कोणत्या दालनात सापडला नाही. तो खेड्यातल्या शाळेच्या भिंतीवर चाळीस वर्षे त्यांची वाट पाहत होता.

रझांनी ही गोष्ट स्वतः जन्मभर सांगितली, मास्तरांचे नाव घेऊन सांगितली. उचल मानणे ते हेच. जानीन 2002 साली वारल्या, 2010 साली रझा कायमचे भारतात परतले, तरुण कलावंतांसाठी त्यांनी संस्था उभी केली होती तिच्याकडे लक्ष दिले, आणि 2016 साली त्यांचे निधन झाल्यावर मंडल्याला वडिलांच्या कबरीशेजारी त्यांचे दफन झाले. त्यांनी सगळे देणे चुकते केले असे मी म्हणणार नाही. साठ वर्षे परदेशी राहिलेल्या माणसाच्या खात्यात अशा नोंदी असतातच, ज्या त्याच्या घरच्यांनाच माहीत. पण त्यांनी वही कधी लपवली नाही.

ज्याच्याकडून घेतले त्याला ते परत करता येतेच असे नाही. आई निघून जाते, मास्तर निघून जातात. मग ते पुढच्याला द्यायचे. भास्कर कुलकर्णी हे जे. जे. मध्ये शिकलेले चित्रकार, मुंबईच्या विणकर सेवा केंद्राशी संबंध असलेले. 1966-67 च्या भीषण दुष्काळात त्यांना बिहारमधल्या मधुबनीला पाठवण्यात आले. घराच्या भिंती चितारणाऱ्या बायकांना त्यांनी कागद दिला. म्हणजे चित्र विकता येईल आणि घरात धान्य येईल. पुढे ते डहाणूकडे वारल्यांच्या पाड्यांत गेले. तिथे लग्नाचा चौक लिहायचा तो सवाशिणींनी; पण कळंबीपाड्याचा जिव्या सोमा मशे नावाचा एक पुरुष हौसेने रोज चित्रे काढीत होता. लहानपणी आई गेल्यावर हा मुलगा बोलायचा थांबला होता आणि धुळीत चित्रे काढून आपले म्हणणे सांगत होता. कुलकर्णींनी त्याला कागद आणि रंग दिला. मुंबईतल्या दालनात त्याचे प्रदर्शन झाले, 2003 साली त्याची चित्रे जर्मनीत ड्युसेलडॉर्फला लागली, 2011 साली पद्मश्री मिळाली. जगभर हिंडून जिव्या आपल्या पाड्यावरच परत येत राहिला आणि 2018 साली गेला. भास्कर कुलकर्णींचे नाव आज त्यांच्या स्वतःच्या चित्रांपेक्षा इतरांच्या चित्रांसाठी घेतले जाते. त्यांच्या शेवटच्या पानावर जणू दुसऱ्यांचीच प्रदर्शने आहेत. आरांनीही पुढल्या आयुष्यात मुंबईच्या आर्टिस्ट्स सेंटरमध्ये नव्या पोरांना असाच हात दिला. मोटारी धुणाऱ्या मुलाला कोणी हात दिला होता, ही गोष्ट ते विसरले नाहीत.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे यायला हरकत नाही. "सर, जाऊ का?"

जा, असेच माझे उत्तर आहे. घरासाठी आयुष्यभर झुरत राहून त्याने हातातली कला मारावी, यात घराचेही भले नाही. मारलेली इच्छा पुढे कडू होते आणि सगळ्या घराला ती कडू चव चाखावी लागते. कर्तव्याच्या नावाने मुलाला खुंटीला बांधणारे आईबाप आणि मास्तर स्वतःच एक मोठे देणे आपल्या डोक्यावर घेत असतात. पण जाताना गुपचूप जाऊ नये. घरच्यांशी बोलून, त्यांचे रडणे आणि रागावणे ऐकून जावे. संमती मिळाली तर उत्तमच; नाही मिळाली तर निदान आपण कोणावर काय भार टाकून चाललो आहोत, ते त्यांच्या तोंडून ऐकून जावे. धाकट्या बहिणीची शाळा आपल्या जाण्याने सुटणार असेल, तर ती रक्कम आपल्या नावावर लिहून जावे. आणि कधी कोणी म्हणाले की तू मोठा झालास, आता सगळे फिटले, तर त्यावर विश्वास ठेवू नये.

लक्ष्मीपूजनाला आमच्या पेठेत आजही काही दुकानदार नव्या वहीची पूजा करतात. वही कोरी असते, हळदकुंकू वाहिलेले असते, पहिल्या पानावर श्री असते. नवे वर्ष, नवा हिशेब, सगळे नवे. पण जुन्या वहीतली येणी-देणी तो दुकानदार फेकून देत नाही. नव्या वहीत त्याला पहिली नोंद करावी लागते ती मागील बाकीची. तिच्यावाचून नवी वही खोटी ठरते. बाकी लिहिली म्हणून वहीचे नवेपण कमी होत नाही, की धंद्याची उमेद खचत नाही. दुकानदार ती ओळ लिहितो, खाली रेघ ओढतो, आणि पुढच्या ओळीपासून नव्या वर्षाचा व्यवहार मांडू लागतो.